लाकडं नकोत, नदी नको, पंगत नको: वडिलांना निरोप कसा द्यायचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. वडील (घरात त्यांना दादा म्हणतात) ७९ वर्षांचे, मुक्काम पुणे, छातीत पेसमेकर बसवलेला, मूळची शेती सातारा जिल्ह्यात. त्यांनी सांगून ठेवलंय की माझ्यामागे लाकडं जाळू नका, नदीत काही सोडू नका, तेराव्याला पंगती उठवू नका. देहदान करा आणि रक्षा शेतातल्या झाडाच्या मुळाशी घाला. आईला हे पटतं, पण ‘आपण त्यांचं काहीच केलं नाही’ असं झालं तर तिला ते सोसणार नाही. भाऊ परदेशात आहे. हे सगळं कसं जमवायचं?

यातली एक गाठ आजच सोडवा. देहदान आणि झाडाखाली रक्षा या दोन्ही इच्छा एकत्र पुऱ्या होत नाहीत. देहदान झालं की देह वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीररचनाशास्त्र विभागात जातो. मांडीच्या रक्तवाहिनीतून फॉर्मॅलिन भरून तो जतन करतात, विद्यार्थी त्यावर कित्येक महिने शिकतात आणि शेवटचं दहन किंवा दफन महाविद्यालयच करतं. घरच्यांच्या हाती अस्थी येत नाहीत. फॉर्म भरताना हे बहुतेकांना कुणी समजावून सांगत नाही. वडील बोलते-चालते आहेत, तेव्हा त्यांनाच सरळ विचारा, दोन्हींतलं एकच होणार असेल तर कोणतं हवं? आणि ते उत्तर त्यांच्याच अक्षरात एका कागदावर घ्या. नेत्रदान मात्र दोन्हींबरोबर जमतं.

दुसरी गाठ घरातल्या संमतीची. देहदानाचा फॉर्म भरून कार्ड घरात आलं म्हणजे काम झालं, असा समज असतो. प्रत्यक्षात त्या वेळी जवळचे नातेवाईक सही करतात, आणि त्यांच्यातल्या एकाने जरी विरोध केला तरी महाविद्यालय देह घेत नाही. कुणाच्या घरच्या भांडणात त्यांना पडायचं नसतं, आणि ते योग्यच आहे. म्हणून आई, भाऊ, तुम्ही आणि गावाकडचे चुलते यांना वडिलांच्या तोंडून एकदा ऐकू द्या. मुलीने फोनवर ‘दादांची अशी इच्छा होती’ सांगणं आणि दादांनी स्वतः सांगितलेलं भावकीने ऐकणं, यांच्या वजनात फार फरक आहे.

इच्छा कितीही स्पष्ट असली तरी ती नियमात बसते का, हेही आधी पाहावं लागतं. जोतीराव फुल्यांनी आपलं दहन न करता मिठात दफन करावं, असं मृत्युपत्रात लिहून ठेवलं होतं. २८ नोव्हेंबर १८९० ला ते गेले, तेव्हा घरामागे दफन करायला नगरपालिकेने परवानगी दिली नाही आणि दहनच करावं लागलं. त्या अंत्ययात्रेत टिटवं, म्हणजे प्रेतापुढे धरायचं मडकं, घ्यायला सावित्रीबाई पुढे झाल्या. आज फुले वाड्यातलं तुळशीवृंदावन ही जोतीरावांची समाधी आहे. तुमच्या घरात ‘मुलीने पाणी कसं द्यायचं’ असा प्रश्न निघाला तर सव्वाशे वर्षांहून जुना हा दाखला आपल्याच मातीतला आहे. दफनाचंही तसंच. लिंगायत, महानुभाव, नाथपंथी गोसावी यांच्यात माती देण्याची रीत पहिल्यापासून आहे, त्यांच्या जागा ठरलेल्या आहेत. ज्या घरात ती रीत नाही त्यांनी स्वतःच्या शेतात दफन किंवा दहन करायचं ठरवलं, तर ग्रामपंचायतीला आधी विचारावं. ऐनवेळी परवानगी मिळवता येत नाही.

पहिले सहा तास

घरी मृत्यू झाला तर पहिला फोन वडिलांना नेहमी तपासणाऱ्या डॉक्टरांना. मृत्यूच्या कारणाचा दाखला (घरच्या मृत्यूसाठी नमुना ४ अ) त्यांच्याकडूनच मिळतो आणि त्यावाचून पुढचं काहीही हलत नाही. दहनाचा पास, नेत्रदान, देहदान, सगळं त्या कागदावर अवलंबून आहे. रात्री अडीच वाजता डॉक्टर येतील का, हे आज विचारून ठेवा. अनोळखी डॉक्टर कारण लिहायला तयार होत नाहीत, प्रकरण पोलीस आणि शवविच्छेदनाकडे जातं, आणि शवविच्छेदन झालेला देह देहदानात घेतला जात नाही. चांगली ठरवलेली देहदानं बिघडतात ती बऱ्याचदा या एका दाखल्यापायी.

दुसरा फोन नेत्रपेढीला. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत डोळे काढावे लागतात, आणि जितकं लवकर तितकं चांगलं. पेढीची माणसं येईपर्यंत पंखा बंद करा, कारण वाऱ्याने बुबुळाचा पारदर्शक पडदा सुकतो. एसी असेल तर चालू ठेवा. पापण्या मिटून त्यांवर ओल्या कापसाच्या घड्या ठेवा आणि डोक्याखाली उशी देऊन मान थोडी उंच करा, म्हणजे रक्त उतरून डोळ्याभोवती सूज येत नाही. काम वीस मिनिटं ते अर्ध्या तासात होतं, चेहरा विद्रूप होत नाही. जाताना ते थोडं रक्त तपासणीला नेतात. वय आड येत नाही. चष्मा, मधुमेह, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया यांनीही अडत नाही. एचआयव्ही, बी किंवा सी कावीळ, रेबीज, रक्ताचा कर्करोग, रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग असेल तर डोळे वापरता येत नाहीत, पण ते पेढीला ठरवू द्या.

त्वचादानालाही सहा तासच असतात. मांड्या, पाय आणि पाठीवरची अगदी पातळ त्वचा काढून पट्ट्या बांधतात. ऐरोलीच्या नॅशनल बर्न्स सेंटरमध्ये त्वचापेढी आहे, पुण्यातही सोय आहे. एक लक्षात ठेवा, डोळ्यांखेरीज काही काढलेला देह बरीच महाविद्यालयं घेत नाहीत. म्हणजे दहन ठरलं असेल तर त्वचादान करा, देहदान ठरलं असेल तर फक्त नेत्रदान. मूत्रपिंड, यकृत यांचं अवयवदान वेगळं. ते मेंदूमृत्यू झालेल्या रुग्णाचं, अतिदक्षता विभागातच होतं. घरी गेलेल्या माणसाचं होत नाही.

दरम्यान देहाकडे पाहायला हवं. मृत्यूनंतर दोन ते चार तासांत जबड्यापासून शरीर ताठ व्हायला लागतं, म्हणून आधीच हनुवटीखालून सुती पट्टी घेऊन डोक्यावर बांधा, हात सरळ करा, पायाचे अंगठे एकत्र बांधा. अंगठ्या आणि जोडवी सूज येण्यापूर्वी साबणाच्या पाण्याने काढा. नंतर ती कापावी लागतात आणि तो प्रसंग घरच्यांच्या मनात राहतो. अंघोळ घरच्यांनीच घालावी, हे आग्रहाने सांगावंसं वाटतं. कोमट पाण्यात भिजवून पिळलेल्या पंचाने चेहरा, मान, हात, पाय असं हळूहळू पुसत जायचं. बादल्यांनी पाणी ओतायची गरज नाही. हातमोजे घाला, खाली जाड चादर आणि प्लास्टिक ठेवा, कारण कूस बदलताना पोटातला द्रव बाहेर येऊ शकतो. ज्या आईला ‘काहीतरी केलं’ असं वाटायला हवं, तिच्या हाताला इथे पहिलं काम मिळतं. तिने त्यांचे केस विंचरावेत, त्यांचा रोजचा सदरा घालावा. देहदान ठरलं असेल तर तिला त्याच वेळी एक बट कापून घेऊ द्या. पुढे झाडाच्या खड्ड्यात ठेवायला घरच्यांकडे तेवढंच असणार आहे.

पेसमेकरबद्दल सगळ्यांना आधीच सांगून ठेवा. बंद भट्टीत त्याची बॅटरी फुटते, भट्टीच्या आतल्या विटा तडकतात आणि जवळच्या कामगाराला इजा होऊ शकते. गळ्याजवळच्या आडव्या हाडाखाली (कॉलरबोन) लहान छेद घेऊन डॉक्टर तो दहा-पंधरा मिनिटांत काढतात. यंत्र झटका देणाऱ्या जातीचं असेल तर ते आधी बंद करावं लागतं, नाहीतर काढणाऱ्यालाच झटका बसतो. यंत्राचं कार्ड फाइलमध्ये वरच ठेवा.

देहदान ठरलं तर

जवळच्या महाविद्यालयाच्या शरीररचनाशास्त्र विभागाकडून पाच गोष्टी आज विचारून घ्या: रात्री आणि सुटीच्या दिवशी देह घेता का, किती तासांत आणायचा, शवागारात ठेवलेला चालतो का, गाडी कोणाची, आणि कोणत्या कारणांनी नाकारता. उत्तरं जागोजागी वेगळी मिळतात. शवविच्छेदन, पोलिसांत गेलेलं प्रकरण, एचआयव्ही किंवा कावीळ, क्षयरोग, खोलवर चिघळलेल्या शय्याव्रणांच्या जखमा ही नकाराची नेहमीची कारणं आहेत. दीर्घ आजारात माणूस अंथरुणाला खिळला की शय्याव्रणं होतात, म्हणजे ज्याने आयुष्यभर देहदानाचं ठरवलेलं असतं त्याचाच देह शेवटी नाकारला जाऊ शकतो. म्हणून दहनाची पूर्ण तयारी दुसरा पर्याय म्हणून हाताशी हवीच. आणि नाकारलं गेलं तर त्यात कुणाची हार झाली असं घरात वाटू देऊ नका. नेत्रदान झालेलंच असतं.

कागद लागतात ते डॉक्टरांचा दाखला, वडिलांचं आणि सही करणाऱ्याचं ओळखपत्र, जवळच्या नातेवाइकांची संमती आणि असल्यास इच्छापत्र. प्रत्येकाच्या चार झेरॉक्स काढून ठेवा.

देहदानाच्या घरी निरोपाचा क्षण फार पटकन हातातून निसटतो. स्मशानात निदान चिता रचेपर्यंतचा वेळ असतो. इथे गाडी येते, कागदांवर सह्या होतात आणि दार बंद होतं. नंतर आठवडाभर घर सुन्न राहतं. म्हणून गाडी बोलावण्याआधी घरातच पाऊण तास राखून ठेवा. देह मधोमध, सगळे भोवती, प्रत्येकाने जवळ जाऊन पायांवर एक फूल वाहावं, ज्याला बोलायचं त्याने बोलावं, वडिलांच्या आवडीचं भजन म्हणावं. आईने पाणी पाजल्यासारखं ओठांना तुळशीचं पान लावायचं म्हटलं तर त्याने देहदानाला काहीही बाधा येत नाही.

दहन ठरलं तर

चितेला साधारण ३०० ते ४०० किलो लाकूड लागतं. त्याला आज तीन चांगले पर्याय आहेत.

विद्युत किंवा गॅसदाहिनी पुण्यात वैकुंठसह इतरत्रही आहे. आतलं तापमान ८०० अंशांच्या आसपास जातं आणि काम एक ते दीड तासात होतं. लोकांची खरी तक्रार धुराची किंवा शास्त्राची नसते. ट्रॉली आत सरकते, झडप पडते, आणि हाताने काही केलं असं वाटत नाही. त्यावर उपाय आहे. जे काही करायचं ते ट्रॉलीवर करा: प्रदक्षिणा, पाणी, छातीवर कापराची एक वडी पेटवून अग्नी. दाहिनीचे कर्मचारी पाच-दहा मिनिटं थांबतात, फक्त आधी सांगावं लागतं. कळ दाबायला अनेक ठिकाणी घरच्यांना बोलावतात. ती आईने किंवा तुम्ही दाबा. बाईने स्मशानात जाऊ नये असं सांगणारा कोणताही कायदा नाही.

आत काय जाऊ नये याकडे लक्ष द्या. नारळ फुटतो. टेरिकॉटचा सदरा, जरीची शाल, नायलॉनची दोरी, प्लास्टिकचे हार वितळून काळा धूर सोडतात आणि अस्थींना चिकटतात. चष्मा, घड्याळ, औषधाची बाटली, रबरी चपला बाहेर ठेवा. तिरडीला आठ फुटी दोन बांबू, आडव्या कामट्या, सुतळी किंवा काथ्या, वर कडबा आणि कोरं सुती कापड पुरतं. हार एकच असू द्या. बाकीच्यांना सुटी फुलं आणायला सांगा, ती शेवटी कंपोस्टात जातात.

दुसरा पर्याय शेणीचा, म्हणजे वाळलेल्या गोवऱ्यांचा. कोल्हापूरच्या पंचगंगा स्मशानभूमीत दहनाला शेणी वापरतात, आणि होळीला त्या जाळण्याऐवजी स्मशानभूमीला देण्याची चांगली रीत त्या शहराने लावून घेतली आहे. तुमच्या गावात शेणी मिळत असतील तर आईला हा पर्याय सगळ्यांत जवळचा वाटेल, कारण त्यात अग्नी डोळ्यांना दिसतो. शेणी पूर्ण वाळलेल्या हव्यात. मोडली की आतून टक्कन तुटते ती वाळलेली, वाकते ती ओली. ओल्या शेणीचा धूर गाव भरून राहतो आणि दहन अर्धवट होतं. रचताना मधे हवेला वाट सोडा, गच्च भरू नका, तळाशी थोडं सुकं सरपण द्या. पावसाळ्यात मात्र या पर्यायावर विसंबू नका.

तिसरा पर्याय मोक्षकाष्ठाचा. शेतातल्या टाकाऊ काडीकचऱ्याचे यंत्रात दाबून केलेले हे ठोकळे नागपूरच्या घाटांवर वापरतात. ओलावा कमी असल्याने ते लाकडापेक्षा कमी वजनात काम करतात. पाणी लागलं की मात्र भुसा होतात, म्हणून ठेवलेली जागा कोरडी आहे ना, ते पाहून घ्या.

दाहिनीतून रक्षा घेताना टोकन जपून ठेवा आणि ‘पूर्ण रक्षा हवी’ असं आधीच सांगा. मागितलं नाही तर मूठभर अस्थी मडक्यात घालून देतात. प्रौढ माणसाची पूर्ण रक्षा साधारण दोन ते तीन किलो भरते. शेणी किंवा लाकडांवर दहन केलं तर सरपणाची राख मिसळून एक-दोन घमेली होते.

रक्षा आणि झाड

मन लावून केलेलं काम सगळ्यांत जास्त इथे फसतं. खड्डा घेतला, रोप ठेवलं, मुळांवर मडकं उपडं केलं, फोटो काढले. दोन महिन्यांत पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या, आणि दिवाळीपर्यंत रोप वाळलेलं. मग घरात शब्द उठतो, ‘दादांना हे मान्य नव्हतं.’ दोष ना दादांचा ना रोपाचा. रक्षा ही बहुतांशी कॅल्शियम फॉस्फेट असते, शिवाय तिच्यात क्षार असतात, आणि तिचा सामू (पीएच) ११-१२ पर्यंत जातो. एका जागी ढीग पडला की मुळांना लोह आणि जस्त उचलता येत नाही, पानांवर केवडा, म्हणजे तो पिवळेपणा, दिसतो. क्षार मुळांतलंच पाणी ओढून घेतात आणि पाणी घातल्यावर राखेचा थर सिमेंटसारखा घट्ट होतो.

करायचं असं. खड्डा दोन फूट लांब, रुंद आणि खोल, शक्य तर उन्हाळ्यातच घेऊन दोन-तीन आठवडे तापू द्या. एवढ्या खड्ड्यात पावणेतीनशे किलोच्या आसपास माती मावते. तिच्यात किलोभर रक्षा नीट मिसळली तर प्रमाण अर्ध्या टक्क्याच्या आत राहतं आणि रोपाला काही होत नाही. जमिनीवर ताडपत्री अंथरून वरच्या थरातली माती, दोन घमेली चांगलं कुजलेलं शेणखत, अर्धा किलो निंबोळी पेंड आणि रक्षा फावड्याने तीन-चार वेळा खालवर करा. हे काम घरच्या सगळ्यांनी हाताने करावं, नातवंडांनीही. नुसत्या मातीचा वीतभर थर रोपाच्या मुळांभोवती ठेवा, रक्षा मिसळलेली माती त्याच्या बाहेर. मुळं तिच्यापर्यंत पोचायला एखादा हंगाम जातो, तोवर पावसाने क्षार निघून गेलेले असतात.

रक्षा दोन-तीन किलो असेल तर तीन खड्डे करा. एकाच झाडाचा हट्ट नको. एक झाड गेलं तर दोन उरतात, हे वारसांच्या मनासाठी फार गरजेचं आहे. हाडांचे मोठे तुकडे जमिनीत वर्षानुवर्षं तसेच राहतात, म्हणून ते खड्ड्याच्या तळाशी, नांगराचा फाळ पोचणार नाही इतके खोल ठेवा.

झाड कोणतं, हे तुमचं रान कुठे आहे त्यावर. जावळी, पाटण, महाबळेश्वरकडे पाऊस भरपूर, जमीन तांबडी आणि आम्लधर्मी. तिथे रक्षा मातीला मानवतेसुद्धा. जांभूळ, फणस, हिरडा, आंबा लावा. माण-खटावकडे पाऊस कमी, जमीन उथळ आणि चुनखडीची, मुळातच विम्लधर्मी. तिथे खड्ड्याला अर्ध्या किलोपेक्षा जास्त रक्षा घालू नका आणि कडुनिंब, करंज, चिंच, बोर यांतून निवडा. वड-पिंपळाची ओढ सगळ्यांना असते, पण घर, विहीर आणि बांधापासून ते पुष्कळ लांब हवेत. अगदी बांधावर झाड लावू नका. दहा वर्षांनी सावली शेजाऱ्याच्या पिकावर पडते आणि वडिलांच्या नावाचं झाड भांडणाचं मूळ होतं. सहा-सात फूट आत घ्या. सातबारा सामाईक असेल तर चुलत्यांना आधी सांगा, आणि पुढेमागे विकायची जमीन असेल तर तिथे लावूच नका.

वेळ मृगानंतरची, दोन चांगले पाऊस होऊन जमीन वीतभर ओलावली की. मृत्यू माघात झाला तर रक्षा तोवर ठेवावी लागेल. ती पूर्ण निवलेली आणि कोरडी करून मातीच्या मडक्यात, तोंडाला सुती फडकं बांधून ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत ओल धरते आणि वास येतो. अस्थी घरात ठेवायच्या नसतील तर शेतातल्या झाडाला मडकं टांगून ठेवण्याची आपल्याकडे जुनी चाल आहेच. लावल्यावर पहिले दोन उन्हाळे आठवड्याला दहा-पंधरा लिटर पाणी, बुडाशी पाचटाचं आच्छादन, भोवती बाभळीच्या काट्यांचं कुंपण. पाणी कोण घालणार त्या माणसाचं नाव रोप आणण्याआधी ठरवा. पुण्यात राहून सातारच्या शेतातलं रोप जगत नाही. गावातल्या कुणाला तरी त्याचे पैसे द्यावे लागतात, आणि ते खुशाल द्यावेत.

आईला थोडी तरी रक्षा पाण्यात सोडायची असेल तर वडिलांना विचारून एक चिमूट ठेवा. संगम माहुलीला कृष्णा-वेण्णेच्या संगमावर, पानाच्या द्रोणातून, मडकं, कापड, हार, फोटो काहीही न टाकता. नदी खरी घाण होते ती या बरोबरच्या सामानाने. घरातल्या तुळशीत घालायची तर चिमूटच. मूठभर घातली तर तुळस जळते. पुण्यात सोसायटीच्या आवारात झाड लावायचं असेल तर समितीची लेखी संमती घ्या, कारण १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्यामुळे शहरातलं झाड पुढे वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय तोडता येत नाही.

आईसाठी पुढचे तेरा दिवस

विधी गाळताना एक पाहावं, त्या विधीने घरात कोणतं काम होत होतं? ते काम दुसऱ्या मार्गाने झालं तर विधी नसल्याची टोचणी राहत नाही. सुतकाच्या घरी चूल पेटत नाही आणि शेजारचं पिठलं-भाकरी येतं. ही रीत मुळीच मोडू नका. उलट शेजाऱ्यांना वार वाटून द्या, म्हणजे पहिल्या दिवशी दहा डबे आणि सहाव्या दिवशी एकही नाही असं होत नाही. संध्याकाळी तास-दीड तास भेटायला येणाऱ्यांसाठी ठेवा, बाकी वेळ आईला झोपू द्या.

दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना की लोक हात जोडून म्हणतात, ‘काळजी करू नका, आईला आम्ही सांभाळू’, ‘धाकटीचं लग्न मी करीन’. त्या विधीचा जीव या शब्दांत आहे. उन्हात तासभर कावळ्याची वाट पाहणं आणि तो न आल्यास एकमेकांकडे संशयाने बघणं, एवढंच गाळायचं. त्या दिवशी घरातल्यांनी शेतावर किंवा घरी बसून, वडिलांचं जे राहून गेलं ते एकेकाने नाव घेऊन उचलावं: देणं, आईचं औषधपाणी, अर्धवट बांधलेली विहीर. बोललेलं लिहून ठेवा. वर्षश्राद्धाला तो कागद काढून वाचता येतो.

मंत्र हवेत पण अर्थ कळायला हवा, असं आईला वाटत असेल तर पुण्यातल्या ज्ञानप्रबोधिनीच्या संस्कार विभागाकडे अंत्यसंस्कार आणि श्राद्धाची सुटसुटीत, मराठीत अर्थ सांगणारी पद्धत आहे. तिथे स्त्रिया पौरोहित्य करतात आणि मुलगी किंवा पत्नी विधीला बसू शकते. वडील वारकरी असतील तर तेराव्याच्या जागी कीर्तन ठेवा. कीर्तनकारांना चार दिवस आधी वडिलांविषयी एक पानभर मजकूर द्या: कुठे राबले, कुणाला मदत केली, काय आवडायचं. ते दिलं नाही तर दोन तास वडिलांचं नावही न घेता निघून जातात. मानधन आधी ठरवा. स्मृतिसभा घ्यायची तर सव्वा तासात संपवा, पाच-सहा जण, प्रत्येकी पाच मिनिटं, सुरुवात मित्राने करावी. गावात पुढाऱ्यांची श्रद्धांजलीची भाषणं लांबतात, तेव्हा नावं आधी जाहीर करा आणि त्याबाहेर माईक देऊ नका. लांबून आलेल्यांना साधं जेवण द्यायलाच हवं. आमटी, भात, भाकरी, एक भाजी पुरते.

आणि सर्वांत महत्त्वाचं. आईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढणं यातलं काहीही कुणाला करू देऊ नका. गर्दीत एखादी वयस्क बाई ‘रीत आहे’ म्हणत पुढे येते आणि घरचे गोंधळून बघत राहतात. त्यासाठी आईच्या शेजारी पूर्ण वेळ एक खंबीर बाई बसवा, तिला आधीच सांगून ठेवा. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने तो इतर गावांपुढे ठेवणारं परिपत्रक काढलं. भावकीला दाखवायला ते पुरेसं आहे. आईला स्वतःला काय हवं, हे मात्र तिला आज, वडिलांसमोरच विचारा.

भावाचं काय

सहा तासांतली कामं त्याच्यासाठी थांबत नाहीत, हे त्याला आजच कळू द्या, म्हणजे नंतर ‘माझी वाट पाहिली नाही’ हा घाव राहणार नाही. दहन मात्र थांबवता येतं. भाड्याच्या शीतपेटीत देह एक दिवस नीट राहतो, त्याहून जास्त लागणार असेल तर रुग्णालयाचं शवागार बरं. उन्हाळ्यात शीतपेटी नसेल तर आठ-दहा तासांच्या पुढे जाऊ नका. तो येऊच शकणार नसेल तर व्हिडिओवर बोलावण्याबरोबर त्याच्या हाताला काम ठेवा. तीनातला एक खड्डा त्याचा, तो जूनमध्ये येऊन स्वतः भरेल. तोवर त्या खड्ड्यापुरती रक्षा वेगळ्या मडक्यात बाजूला ठेवा.

मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत करा, तोवर विलंबशुल्क लागत नाही. नाव आणि तारीख आधारशी अक्षरन् अक्षर जुळते का ते अर्ज देतानाच तपासा, नंतरची दुरुस्ती महिने खाते. दाखल्याच्या आठ-दहा प्रती लागतात: बँक, निवृत्तिवेतन, विमा, सातबाऱ्यावरची वारसनोंद. वडिलांच्या हातचा तो कागद, डॉक्टर, नेत्रपेढी, महाविद्यालय आणि शववाहिनीचे नंबर, पेसमेकरचं कार्ड हे सगळं एका पिशवीत घालून कपाटाच्या दाराला आतून टांगा. कुलपात ठेवू नका, आणि पिशवी कुठे आहे हे शेजाऱ्यांनाही सांगून ठेवा.